बाबू हरदासांना फुलांखाली पुरू नका!

१७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल झाली. खुलताबादमधील औरंगजेबाची कबर हटवा, या मागणीसाठी महाल भागात आंदोलन झाले, अफवा पसरल्या, दगडफेक आणि जाळपोळ झाली, शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. ही कबर नागपूरपासून रस्त्याने साडेचारशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. कबरीतला माणूस मेला १७०७ मध्ये. म्हणजे तीनशे अठरा वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहासाठी आजच्या नागपूरकरांची घरे-गाड्या जळाल्या आणि पोरांवर केसेस लागल्या. ज्यांनी भाषणे केली त्यांची पोरे त्या गर्दीत होती का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

त्याच महालातून निघून कामठी रोडने गेले की सुमारे १५ किलोमीटरवर कामठी लागते. तिथे कन्हान नदीच्या काठी एका राजकारण्याची समाधी आहे. त्याचे नाव बाबू हरदास एल. एन. म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे. आज देशातल्या कोणत्याही गावात, विद्यापीठात, कोर्टाच्या आवारात आणि परदेशातल्या सभेतसुद्धा दोन आंबेडकरवादी भेटले की जे दोन शब्द उच्चारतात, ते 'जय भीम' अभिवादन रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते हेच हरदास. खुलताबादची कबर नागपूरच्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत झाली. कन्हानकाठची समाधी किती जणांना माहीत आहे?

मेलेल्या माणसाला कुठे आणि किती जागा मिळते, त्याची आठवण कोण ठेवते आणि कशासाठी ठेवते, हा सत्तेचा प्रश्न आहे. तो भावनेवर सोडून चालणार नाही. म्हणून हा लेख.

हरदास कोण होते?

बाबू हरदासांना मी मुद्दाम 'राजकारणी' म्हणतो. आपल्याकडे समाजसुधारक म्हटले की माणूस निरुपद्रवी होतो. त्याची जयंती सर्वपक्षीय होते. हरदास निरुपद्रवी नव्हते. ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीच्या महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत कारकून. हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. १९२१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी अस्पृश्यांच्या जागृतीसाठी साप्ताहिक काढले. पुढे महार समाज संघटना बांधली, अत्याचार झाला तर धावून जाणारे तरुणांचे पथक उभे केले, स्त्रियांसाठी महिला आश्रम काढला. १९२४ मध्ये 'मंडळ महात्म्य' हे पुस्तक लिहून लोकांत फुकट वाटले, कशासाठी तर देवादिकांच्या नावाने चाललेली अंधश्रद्धा सुटावी म्हणून. १९२७ मध्ये कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. तिथे मुलांबरोबर मुलीही शिकत होत्या. संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय काढले. पोटजातींच्या भिंती पाडण्यासाठी सहभोजने घातली.

पण हरदासांचे सर्वात महत्त्वाचे काम बिडी कामगारांत आहे. नागपूर, कामठी, रामटेक, भंडारा हा बिडीचा पट्टा. तेंदूपत्ता जंगलातला, तंबाखू सावकाराचा, बोटे आपल्या बायाबापड्यांची आणि नफा कारखानदाराचा. मजुरीत कपात, बिड्या 'खराब' म्हणून फेकून देणे, उचल देऊन बांधून ठेवणे हे या धंद्याचे जुने डाव. हरदासांनी सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करण्याचा प्रयोग केला. जातीचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न एकाच माणसाच्या अंगावर कोसळतो, तर त्याची लढाई दोन ठिकाणी का लढायची, हे त्यांना कळले होते. म्हणूनच १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात त्या पक्षाचे काम हरदासांकडे आले.

१९३७ च्या निवडणुकीत नागपूर-कामठी मतदारसंघातून ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून गेले. ती निवडणूक कशी होती हे आजच्या तरुणांनी समजून घ्यावे. मताचा हक्क सर्वांना नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण यांवर तो ठरत होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतले होते आणि मध्य प्रांतात अस्पृश्यांना २० राखीव जागा दिल्या होत्या. पण त्या जागांवरचा शेवटचा कौल संयुक्त मतदारसंघाच्या, म्हणजे सवर्ण बहुसंख्येच्या हातात होता. अशा काळात, काँग्रेसच्या लाटेत, स्वतंत्र मजूर पक्षाचा तिशीतला तरुण कामठीतून निवडून येतो, ही साधी गोष्ट नाही.

१२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने हरदास गेले. वय ३५. आमदारकीची दोन वर्षेसुद्धा धड मिळाली नाहीत. क्षय म्हणजे त्या काळी गरिबाच्या वस्तीचा रोग. कोंदट खोली, अर्धपोटी शरीर आणि न थांबणारी वणवण यांनी तो बळावतो. ज्या लोकांसाठी ते झिजले, त्यांच्याच रोगाने ते गेले.

सतरा महिन्यांच्या अंतराने दोन मृत्यू

हरदास गेले त्यानंतर सतरा महिन्यांनी, २१ जून १९४० रोजी, नागपुरात आणखी एक मृत्यू झाला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव हेडगेवार वारले. त्यांचे अंत्यसंस्कार रेशीमबागेत झाले. १९६२ मध्ये तिथे स्मृतिमंदिर उभे राहिले. त्या आवारात महापालिकेच्या पैशाने कुंपणभिंत आणि रस्ते करायचे ठरले तेव्हा २०१७ मध्ये जनहित याचिकेद्वारे त्या निर्णयाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान द्यावे लागले. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधान नागपुरात आले, रेशीमबागेत गेले, त्याच दिवशी दीक्षाभूमीवरही गेले. कामठी त्या दौऱ्यात नव्हती. असायचे कारणही नव्हते. कामठीला जाऊन काय बोलणार? बिडी कामगारांच्या सहकारावर बोलणार, की संयुक्त मतदारसंघावर?

हेडगेवार कधी निवडणुकीतून विधानसभेत गेले नव्हते. हरदास लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी होते. दोघेही नागपूरचे, दोघांचाही काळ एक, दोघांनीही संघटना बांधल्या. एकाने जे बांधले त्याची सत्ता आज दिल्लीत आहे आणि दुसऱ्याने जे दिले ते कोट्यवधींच्या तोंडी आहे. पण पहिल्याची समाधी राष्ट्राची झाली आणि दुसऱ्याची समाधी 'त्यांच्या समाजाची' राहिली. हा फरक कर्तृत्वातून आलेला नाही. जागा, पैसा, महापालिका, अर्थसंकल्प कुणाच्या हातात आहेत, यातून तो आला आहे.

आणि हे फक्त नागपूरचे नाही. दिल्लीत यमुनेकाठी एकामागून एक घाट आणि स्थळे उभी आहेत. राजघाट, शांतिवन, विजय घाट, शक्तिस्थळ, वीरभूमी. शेवटी २०१३ मध्ये केंद्र सरकारलाच ठरवावे लागले की यापुढे प्रत्येक नेत्यासाठी स्वतंत्र समाधी नको. देशाचे पहिले कायदामंत्री आणि घटना मसुदा समितीचे अध्यक्ष ६ डिसेंबर १९५६ रोजी त्याच दिल्लीत, २६ अलीपूर रोडला गेले. त्यांच्यासाठी यमुनेकाठी जागा राखली गेली नाही. देह मुंबईला आणला. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि त्या चितेच्या साक्षीने लाखावर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. तिथे आज जी चैत्यभूमी आहे, ती भय्यासाहेब आंबेडकरांनी पायपीट करून, लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभी केली. १९७१ च्या डिसेंबरात तिचे उद्घाटन झाले. अलीपूर रोडचे राष्ट्रीय स्मारक उघडायला १३ एप्रिल २०१८ उजाडला. हिशेब करा: एकसष्ट वर्षे! चैत्यभूमीपासून हाकेच्या अंतरावर शिवाजी पार्क आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथे, खेळाच्या सार्वजनिक मैदानावर, शिवसेनाप्रमुखांचे अंत्यसंस्कार झाले आणि नंतर स्मारकासाठी मुंबईच्या महापौरांचा बंगला मोकळा झाला. तिथे नियम आड आले नाहीत. नियम कुणाच्या आड येतात हे आम्हाला शिकवायची गरज नाही.

'स्मारकाने पोट भरते का?'

आता एक ठराविक प्रश्न येईल. स्मारके कशाला? त्या पैशात दवाखाना काढा, शाळा काढा. प्रश्न ऐकायला शहाणपणाचा आहे. पण तो विचारला जातो कुठे? इंदू मिलच्या जागेवर विचारला जातो. दीक्षाभूमीवर विचारला जातो. नामांतराच्या वेळी 'घरात नाही पीठ' म्हणून विचारला गेला. रेशीमबागेत तो विचारलेला कुणी ऐकला आहे? शिवाजी पार्कला? प्रीतिसंगमाला? ज्यांची स्मारके सरकारी खर्चाने आणि विनासायास होतात, त्यांना पोटापाण्याचा प्रश्न फक्त आमच्या स्मारकाच्या वेळी आठवतो. त्यामुळे हा प्रश्न प्रामाणिक नाही.

दुसरा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे आणि तो आपल्यातूनच येतो. आपण बौद्ध. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा घेतलेले लोक. मग आपण समाध्यांपुढे का झुकायचे? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. ते विसरायचे का?

विसरायचे नाही. पण स्तूप आणि देऊळ यांतला फरकही विसरायचा नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर अस्थींची आठ ठिकाणी वाटणी झाली आणि त्यांवर स्तूप बांधले गेले. स्तूपाला नवस बोलायचा नसतो. तिथे उभे राहून माणसाने काय सांगितले ते आठवायचे असते. दीक्षाभूमीच्या स्तूपातही बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, पण तिथे येणारा माणूस पुस्तके घेऊन परत जातो. जगातल्या कोणत्या तीर्थाच्या दारात एवढी पुस्तके विकली जातात? १ जुलै २०२४ रोजी भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध हजारो लोक दीक्षाभूमीवर उतरले आणि सरकारला ते काम थांबवावे लागले. ती माणसे भक्तीने आली नव्हती. ही आपली जागा आहे, आपल्याला न विचारता तिला हात लावायचा नाही, हा तो हक्क होता. समाधीकडे पाहण्याची आंबेडकरी रीत ही अशी आहे.

मेल्यावरही दक्षिण दरवाजा

बाबू हरदासांच्या समाधीचा प्रश्न एकट्या हरदासांचा नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शूद्राचे प्रेत नगराच्या दक्षिण दरवाजाने न्यावे, द्विजांची प्रेते पश्चिम, उत्तर, पूर्व दरवाजांनी न्यावीत, असा नियम आहे. दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे. मेल्यावर सगळे सारखे, असे आपले लोक भाबडेपणाने म्हणतात. ते धर्मशास्त्राला मान्य नव्हते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले त्यात हा दक्षिण दरवाजाही जळाला.

गावगाड्यात महाराची कामे काय होती? गावात कुणी मेले की परगावच्या नातेवाइकांना सांगावा न्यायचा. सरणाला लाकडे वाहायची. मेलेले ढोर ओढायचे. मोबदला म्हणून प्रेतावरचे कापड. गावाच्या प्रत्येक मयताला खांदा सोडून सगळे दिले त्या महाराचा स्वतःचा मुडदा मात्र गावाच्या स्मशानात चालत नव्हता. त्याला ओढ्याकाठ, माळ, गायरानाचा कोपरा. नदीकाठी, गावाबाहेर आपली मयते का नेली जात, याचे उत्तर या इतिहासात आहे.

हे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ मधील तामिळनाडूच्या वेल्लोर जिल्ह्यातली घटना आठवावी. स्मशानाकडची वाट सवर्णांच्या शेतातून जात होती. ती वाट अडवली म्हणून दलितांना आपल्या माणसाचे प्रेत दोरीने बांधून पुलावरून खाली सोडावे लागले. मद्रास उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्र वेगळा नाही. पावसाळ्यात चितेवर ताडपत्री धरून उभे राहिलेले लोक, वाट अडवली म्हणून ग्रामपंचायतीसमोर मयत ठेवून बसलेले लोक, गायरानावरच्या जुन्या दफनभूमीवर झालेले अतिक्रमण. या बातम्या दर वर्षी येतात. शिकलेला, नोकरी मिळालेला, शहरात फ्लॅट घेतलेला आपला माणूस त्या वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, स्मशान किंवा दफनभूमी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने हाच गुन्हा आणखी स्पष्टपणे आला. त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. स्मशान आणि दफनभूमीची सोय करणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. जनसुविधेचा निधी जिल्हा नियोजनातून त्यासाठी मिळतो. कायदा आहे, निधी आहे, यंत्रणा आहे. मग नाही काय? ग्रामसभेत उठून 'आमच्या स्मशानाचा सातबारा दाखवा' असे विचारणारा माणूस नाही. हरदास नाहीत.

दर जानेवारीला होणारे दफन

आणि म्हणून बोट आपल्याच नेत्यांकडे वळवावे लागते. दर जानेवारीत कन्हानकाठी मेळावा भरतो. आईबहिणी लेकरे घेऊन, स्वतःच्या खर्चाने येतात. त्यांच्या निष्ठेला माझा वाकून जय भीम. पण मंचावर कोण असते? गटांचे नेते असतात. कोणता हार आधी, कुणाचे नाव पत्रिकेत वर, कुणाची खुर्ची मधे, यावर रुसवे असतात. भाषणात 'जय भीमचे जनक' एवढे एक वाक्य येते, मग उरलेला अर्धा तास पुढच्या निवडणुकीचा. हार पडतात, फोटो निघतात, फुले सुकतात. वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही.

याला मी दफन म्हणतो. विरोधकांनी हरदासांना विस्मृतीत पुरले, आपण त्यांना फुलांखाली पुरतो आहोत. जो माणूस रात्रशाळा चालवत होता, त्याच्या समाधीवर येणाऱ्या नेत्याच्या मतदारसंघात एक अभ्यासिका धड चालत नाही. जो माणूस पोटजाती मोडायला सहभोजने घालत होता, त्याच्या नावाने गट-तट मोजले जातात. जो बिडी कामगारांचा सहकार उभा करत होता, त्याच्या वारसांपैकी किती जणांना आज भंडारा-गोंदियात हजार बिड्यांना किती मजुरी मिळते हे सांगता येईल? १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण, असा वाद उठला तेव्हा हरदासांनी ब्रिटिश पंतप्रधानांकडे तारा पाठवल्या की आमचे प्रतिनिधी आंबेडकरच. आज आमचा प्रतिनिधी कोण, हे आम्ही ठरवतो की पक्षश्रेष्ठी?

हरदास ज्या पक्षातून निवडून आले तो स्वतःचा पक्ष होता. दुसऱ्याच्या चिन्हावर मिळालेली उमेदवारी नव्हती. हा फरक समाधीपुढे उभे राहून ज्याला सांगता येत नाही, त्याने तिथे हार घालू नये.

मग करायचे काय?

एक. कन्हानकाठच्या समाधीचे आवार, घाट, वाट आणि पुरापासून संरक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. ती भीक म्हणून मागायची नाही. नागपूर जिल्ह्यात इतरांच्या समाध्यांभोवती सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे ठराव होऊ शकतात, तर १९३७ च्या लोकनियुक्त आमदाराच्या समाधीभोवती का नाही, एवढाच प्रश्न विचारायचा. पण उंच पुतळा आणि रंगीत कारंजे मागायचे नाही. तिथे वाचनालय मागायचे, बारा महिने चालणारे.

दोन. हरदासांचे साप्ताहिक, पुस्तके, विधानसभेतील भाषणे जिथे जिथे सापडतील तिथून शोधून छापली पाहिजेत. आमच्या विद्यापीठांत एवढे प्राध्यापक, एवढे संशोधक आहेत. समाधीचा दगड माणसाला जिवंत ठेवत नाही, त्याचे शब्द ठेवतात.

तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचे. येत्या १२ जानेवारीला कामठीला जाण्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावाच्या, आपल्या वस्तीच्या स्मशानाचा किंवा दफनभूमीचा सातबारा काढावा. जागा कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, वाट आहे की नाही, अतिक्रमण आहे की नाही, शेड आणि पाणी आहे की नाही. पाच ओळींचा कागद. नसेल तर ग्रामसभेत ठराव, तहसीलदाराला अर्ज, वाट अडवली असेल तर पोलीस ठाण्यात फिर्याद. ते पाच ओळींचे कागद त्या दिवशी समाधीपुढे गोळा व्हावेत. हजार हारांपेक्षा शंभर सातबारे जास्त वजनदार ठरतील. मंचावरच्या नेत्यांच्या हातात ते गठ्ठे द्यावेत आणि पुढच्या वर्षी त्याच मंचावर हिशेब मागावा. जो हिशेब देणार नाही त्याला माइक नाही.

औरंगजेबाच्या कबरीवर राजकारण करणाऱ्यांना आमच्या पोरांची डोकी हवी आहेत. रेशीमबागेवाल्यांना आमच्या पोरांचे हात हवे आहेत. आमच्याच काही नेत्यांना आमच्या पोरांच्या घोषणा हव्या आहेत. डोके, हात आणि आवाज हे तिन्ही आपले स्वतःचे आहेत, हे सांगण्यासाठी कामठीच्या एका तरुणाने पस्तीस वर्षांचे आयुष्य जाळले. त्याने दिलेले अभिवादन आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. ते उच्चारताना आपल्या वस्तीतल्या शेवटच्या मयताला सन्मानाने जागा मिळाली का, एवढे एकदा विचारले तरी पुष्कळ झाले.

जय भीम!